मधला खांब

नोटीस गोठ्याच्या दारावर चिकटवली होती, आणि तीही तिरकी. 'इमारत धोकादायक. आठ दिवसांत पाडावी.' ज्या इंजिनिअरनं ही पाहणी केली, तो गाडीतून उतरलाच नव्हता. काच अर्धी खाली करून साहेबांनी चार पिढ्यांचं घर निकालात काढलं होतं.

"अर्धी काच!" ताई कडाडली. "आणि तू काय करत होतास?"

"चहा विचारला," धाकटा म्हणाला.

ताईनं चाळीस वर्षं नकाशे काढण्यात घालवली होती. निवृत्त झाली तरी मोजमापाची फीत पिशवीतच असायची. धाकटा भाऊ शेतावर एकटा राहायचा, अकरा गायींसोबत. घर गेलं असतं तर त्याला जायला जागा नव्हती. म्हणून ती सकाळीच येऊन ठेपली होती. घराचं खरं मोजमाप काढून ते साहेबाच्या टेबलावर आपटायचं, एवढाच तिचा बेत.

घर एका दमात उभं राहिलेलं नव्हतं. पणजोबांच्या वडिलांनी दगडी गोठा बांधला. पणजोबांनी त्यावर चाऱ्याचा माळा चढवला. आजोबांनी गोठ्याला पाठ लावून स्वयंपाकघर काढलं, थंडीत गुरांच्या उबेनं भिंत कोमट राहावी म्हणून. आणि वडिलांनी? समोर सिमेंटची ओसरी ठोकली, आणि ट्रॅक्टर आत यावा म्हणून गोठ्याच्या पाच खांबांतला मधला खांब करवतीनं कापून काढला. आजोबा तेव्हा पांढरेफटक पडले होते. "काढा खांब! मग माळा काय मी धरून उभा राहू?" एवढं बोलून त्यांनी मुलाशी जे बोलणं सोडलं ते सोडलंच. त्याच वर्षी ते गेले.

गायी चरायला निघाल्या तेव्हा ताईला पहिल्यांदा खटकलं. गोठ्याच्या मधोमध, रिकाम्या जागेशी, त्या दोन रांगांत फुटल्या आणि पुढे पुन्हा एक झाल्या.

"हे काय रे?"

"सवय गं."

"कसली सवय? सगळ्यात म्हातारी गाय केवढी तुझी?"

"चौदा वर्षांची."

"आणि खांब कापून तीस झाली."

"तू भिंती मोज ना. गुरांची उलटतपासणी कशाला घेतेस?"

दुपारी ती गोठ्यात शिरली. खिडकी एकही नव्हती. मागे वाऱ्यानं दार लागलं. टॉर्च काखेत अडकवून ती तुळईखालून चाचपडत निघाली. खांबाला हात लावायचा, फीत गुंडाळायची, घेर वहीत उतरवायचा. पहिला खांब खरबरीत. दुसऱ्याला साखळीची कडी. तिसरा गुळगुळीत आणि कोमट. घेर एकोणतीस इंच. चौथा. पाचवा.

भिंतीला हात टेकला आणि ती थबकली. पाच?

तिनं टॉर्च मागे वळवला. चारच होते. मध्ये नुसता खांबाखालचा दगड, खुरांनी झिजलेला. हवेत ओल्या लोकरीचा वास होता, आजोबांच्या जुन्या कोटाला यायचा तसा. तिनं वही पाहिली. एकोणतीस इंच, तिच्याच अक्षरात. आणि आता तिला आठवलं... फीत आवळताना ती किंचित ताणली होती. मग सैल झाली होती. मग पुन्हा ताणली होती...

वर धप्प आवाज झाला.

"वर... कोण आहे?"

"मीच! चारा सरकवतोय!"

"हलू नकोस. तिथंच..."

कडकन आवाज झाला. तुळई मधोमध वाकली, धुरळा कोसळला, फळ्या करकरल्या. ताईनं डोळे मिटले. आता माळा येणार, आणि त्यासोबत धाकटा. पण खाली येता येता सगळं थांबलं. हमालानं पाठीवरचं पोतं नीट घ्यावं तसं काहीतरी अंधारात सावरलं. "हं..."

धाकटा शिडीवरून पायरी न् पायरी चाचपत उतरला. ताईनं त्याचा दंड असा धरला की नखं रुतली.

"किती घाबरलीस! केवढ्यानं कण्हलीस गं!"

"मी नाही कण्हले," ताई म्हणाली.

तासाभरात तुळईखाली जॅक लागला. तीन दिवसांत सुतारानं त्याच दगडावर सागाचा नवा खांब उभा केला. चौथ्या दिवशी साहेबाची गाडी पुन्हा आली, तेव्हा ताई तिच्यापुढे आडवी उभी राहिली. "आज पाय जमिनीला लागू द्या, साहेब." तो उतरला, गोठ्यात शिरला. त्यानं तुळई ठोकून पाहिली आणि खाली मान घालून लिहिलं: 'दुरुस्ती समाधानकारक. पाडण्याचे कारण नाही.' नोटीस धाकट्यानं स्वतः फाडली. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला. ताईही हसली, इतकं हलकं तिला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गायी परतल्या आणि गोठ्याच्या दाराशीच थांबल्या. आतून कोणी बाहेर पडेपर्यंत वाट द्यावी, तशा बाजूला सरकल्या. दार मोकळंच होतं. मग अकराही माना एकदम, सावकाश वळू लागल्या. दारापासून अंगणात, अंगणातून ओसरीकडे. वडिलांच्या सिमेंटच्या छताखाली, मधोमध त्यांच्या नजरा खिळल्या.

"आता काय बघतायत?" धाकटा हसत म्हणाला आणि ओसरीवर खाट टाकायला निघाला.

"तिथं नको," ताई म्हणाली.

ओसरी तिनं मोजलीच नव्हती. सगळ्यात नवीन, म्हणून सोडून दिली होती. तिनं वर छताकडे पाहिलं आणि पिशवीतून फीत पुन्हा बाहेर काढली.