हिरव्या ठिपक्याचं पिल्लू

अरे, ऐका तर! आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लं आहेत. अंगठ्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. रक्तातली साखर कमी पडली आणि अंग गार राहिलं तर त्यांची वाढ किती मागे पडते, ते मी मोजते. रोज सकाळी दहाला एकेकाला पाठीवर ठेवायचं आणि पालथं व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. बस्स.

आधीच्या दोन खेपा मेल्या होत्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तोंडावर सांगितलं, "ही तिसरी. ही गेली तर प्रयोग बंद." मी म्हटलं, एकही जाऊ देणार नाही. तीन वर्षं घातलीत मी, गंमत आहे का?

गार पेटीत पाच पिल्लं. ओळखायला शेपटीवर रंगाचे ठिपके. चौथ्या दिवशी हिरव्या ठिपक्याचं उचललं, तर दगडासारखं गार. रक्ताचा थेंब घेतला, साखरेच्या मीटरवर आकडाच येईना. पिंजरे सांभाळणारे काका म्हणाले, "गेलंय हो ते, ताई. किती बघत बसाल?"

तरी मी पाठीवर ठेवलं.

वळलं. एका सेकंदात!

मीटर बिघडला असेल म्हणून स्वतःचं बोट टोचलं. ब्याण्णव. मीटर ठणठणीत.

पुढचे तीन दिवस तेच. श्वास दिसेना, ठोका लागेना, पण वजन रोज दोन ग्रॅमनी वाढतंय. दूध प्यायला सगळी आईकडे सोडली, की ती बाकीच्यांना चाटायची आणि याला वळसा घालून जायची. आणि पेटीतली उरलेली चार पाठीवर ठेवली की तशीच पडून राहायला लागली.

"वेगळं काढा त्याला," काका कुजबुजले.

एका पेटीतली पिल्लं वेगळी करायची नसतात, सगळे आकडे फुकट जातात. गेले तर गेले! काढलं. तासाभरात चौघं वळवळायला लागली, दुधाला लागली.

"यांची ऊब पळवणारा चोर सापडला तुम्हाला," काका म्हणाले. पण हसले नाहीत.

आज चौदावा दिवस. चौघांचे डोळे उघडलेत. मॅडम म्हणतात, "सोमवारी पाचही एकत्र ठेव, नाहीतर लिहिणार काय, कपाळ?" मी नाही ठेवणार. ओरडू देत.

त्याची पेटी कोपऱ्यात आहे, कुलूप लावलंय. सकाळी बघायला वाकले. काचेला आतून वाफ धरली होती, माझ्या चेहऱ्याएवढी.

आणि ती कमी-जास्त होत होती. सावकाश, आत कुणी श्वास घेतंय तशी.