प्रणाली आत्रामचा परिचय

तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेत एक स्मरणमापक होता, त्याला जोडलेली एक जाळीटोपी, चौदा खुर्च्या आणि बारा नवे लेखक. त्यांत सात मुली, पाच मुलगे. सर्वांत धाकटा एकोणीस वर्षांचा, सर्वांत मोठी एकतीस वर्षांची. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या कथेची छापील प्रत होती. सगळी मिळून पानं एकशे अठ्ठेचाळीस. तेरावी खुर्ची संपादक यशोधन मिरीकरांची होती, चौदावी आसावरी खांबेटेची. कथा आसावरीचीही होती, पण निवडीच्या यादीत ती तेरावी आली होती आणि संग्रहात जागा बाराच होत्या.

संग्रह सन २१५० वर होता. लेखक सगळे नवखे, त्यांना कोणी ओळखत नव्हतं. म्हणून प्रत्येक कथेआधी पाच वाक्यांचा परिचय द्यायचा आणि त्याखाली लेखकाचा कल्पनांक छापायचा, ही मिरीकरांची कल्पना. पुस्तकातल्या प्रत्येक मजकुराखाली आकडा, असं ते सगळ्यांना सांगत होते. परिचय लिहिण्याचं काम त्यांनी आसावरीला दिलं. यंत्र तीच चालवत होती, आणि तिची वाक्यं नेमकी असतात असं त्यांचं मत होतं.

"आमच्या वेळी लेखकाची जन्मतारीख छापायचे," मिरीकर म्हणाले. "त्यातसुद्धा लोक खोटं बोलायचे. आकडा बरा. पण मला एक सांग, लेखकाला स्वतःची कथा तोंडपाठ असते. मग ती वाचताना तो आठवतोय की कल्पना करतोय, हे यंत्राला कसं कळतं?"

आसावरीने समजावून सांगितलं. रचलेलं दृश्य मेंदू जसंच्या तसं साठवत नाही. पुन्हा वाचलं की तो ते तुकड्यातुकड्यांनी नव्याने जुळवतो, आणि या जुळणीचा विद्युत ठसा टोपीतल्या जाळीला टिपता येतो. आठवणीचं तसं नाही. ती एकसंध उचलली जाते, जुळणी जवळजवळ होतच नाही. लेखकाने कथा मोठ्याने वाचायची. वाचनाच्या जितक्या वेळात जुळणीचा ठसा उमटेल, त्याचं शेकडा प्रमाण म्हणजे त्याचा कल्पनांक.

त्या दिवशी बाराही जणांनी वाचन केलं. आकडे कोणालाच सांगितले नाहीत, ते पत्राने कळणार होते. अकरा जणांचे आकडे चौऱ्याहत्तर ते एक्क्याण्णव यांच्यामध्ये आले.

प्रणाली आत्रामचा आला सहा.

मिरीकरांना सर्वांत आवडलेली कथा नेमकी तिचीच होती. गावाखालची जमीन आतून जळते आहे. प्रत्येक घरात जमिनीत एक लोखंडी सळई रोवलेली असते. सकाळी घरातली बाई ती उपसून मनगटाला लावते आणि आकडे मोजते. पाचापर्यंत सोसवलं तर घर राहिलं. तीनालाच हात मागे घ्यावा लागला तर घर उचलून पुढे न्यायचं. त्या गावात तुळशीवृंदावनाला चाकं असतात. मेलेल्या माणसाला पुरायला थंड जमीन शेजारच्या गावाकडे मागावी लागते. मिरीकरांनी त्या चाकांच्या वृंदावनाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

आसावरीने अंशांकनाची नोंद काढली. यंत्र चाळीस स्वयंसेवकांवर पारखलेलं होतं. त्यांनी स्वतः रचलेला मजकूर वाचला तेव्हा आकडे सत्तरच्या वर गेले. दुसऱ्याचा पाठ केलेला मजकूर वाचला तेव्हा ते चार ते नऊमध्ये राहिले. सहा हा आकडा चार ते नऊमध्ये बसत होता. तिने तीन ग्रंथसंग्रहांत शोध घेतला. मूळ कथा कुठेही सापडली नाही. ती परभाषेतली असेल, असं तिने ठरवलं. मग तिने परिचय लिहिला.

"प्रणाली आत्राम यांना वाचनाची आवड असावी. कॉलेजच्या वाचनालयात एखादी परभाषेतली कथा त्यांच्या हाती लागली असावी. ती त्यांनी पुन्हापुन्हा वाचून मराठीत उतरवली. स्मरणमापकावर त्यांचा आकडा सहा आला, म्हणजे कथेतलं जवळजवळ काहीच त्यांचं नाही. त्यामुळे ही कथा संग्रहात घेता येत नाही."

हे लिहिताना आपण तेराव्या आहोत हे तिला आठवत होतं का, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. आठवत होतं.

मिरीकर हळहळले, पण त्यांनी आकडा मान्य केला. परिचय सगळ्या लेखकांना गेले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कॉलेजांनाही. बाराव्या जागी आसावरीची कथा आली. तिचा कल्पनांक एका सहकाऱ्याने मोजला होता. अठ्ठ्याऐंशी.

नवव्या दिवशी दुपारी प्रणाली प्रयोगशाळेत आली. चंद्रपूरहून दोन गाड्या बदलून पुण्याला पोचली होती. खांद्याला कापडी पिशवी होती, पायांत रबरी तळव्याचे जाड बूट. आसावरीने बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

"सरांनी तुमचा कागद वर्गात वाचून दाखवला," ती म्हणाली. "अर्धा वर्ग हसला. आईला सांगितलं तं ती म्हणाली, वाचलं होतंस का कुठं? म्हटलं, नाही. मग म्हणाली, जाऊन सांगून ये. म्हणून आली."

आसावरीने आकड्यांचा तक्ता पुढे केला आणि कोणत्या वाचनाला किती आकडा येतो ते समजावू लागली. प्रणालीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमची मशीन बरोबर सांगते, मॅडम. मला सगळं आठवतंच. मी तं फक्त साल बदललं. जाहिरातीत लिहिलं होतं, एकवीसशे पन्नासवर लिहा. मी दोन हजार त्रेसष्ट खोडलं आन् एकवीसशे पन्नास टाकलं."

तिने उजव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला तपकिरी ठिपक्यांची रांग होती, काही जुने, दोन ताजे. गेल्या वर्षापासून आईचा हात सोसेना, तेव्हा सळई तीच लावत होती. गावाखालची खाण बंद पडून अठरा वर्षं झाली होती, खालचा कोळसा जळतच होता. तिच्या जन्मापासून घर चार वेळा सरकलं होतं.

तपासणीच्या दिवशी त्याच मनगटावर आसावरीने नाडीचा पट्टा बांधला होता. तिने प्रणालीचा अर्ज काढला. पत्त्याच्या रकान्यात तीन पत्ते होते, पहिले दोन खोडलेले. तेव्हा तिने त्यापुढे "निष्काळजी" असा शेरा मारला होता. अर्ज झाकायला तिने त्यावर तळवा ठेवला. पण तोवर प्रणालीने शेरा वाचला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शमीम इनामदार शेजारच्या खोलीतून आल्या. त्यांनी नोंदवही चाळली आणि बराच वेळ एका पानावर थांबल्या.

"चाळीस माणसं," त्या म्हणाल्या. "रचलेला मजकूर एक गट. पाठ केलेला मजकूर दुसरा गट. आसावरी, स्वतःवर गुजरलेलं वाचणारा तिसरा गट कुठे आहे?"

"घेतला नाही."

"का?"

"भविष्यावरच्या संग्रहात स्वतःचं आयुष्य कोण पाठवील, असं वाटलं."

"म्हणजे सहा या आकड्याचे अर्थ दोन होते. त्यातला एक तू निवडलास."

आसावरीने मान हलवली. इनामदारबाई पुढे रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पुढची चाचणी सांगितली. उसनी कथा कथेबरोबर संपते. कथेत नसलेलं विचारलं की उसनवारी करणाऱ्याला ते तिथल्या तिथे रचावं लागतं. जगलेल्या माणसाला मात्र ते आठवतं.

त्यांनी वीस प्रश्न काढले. दाराच्या डावीकडे काय होतं, सळई रात्री कुठे ठेवत, वृंदावनाची चाकं कशाची होती. प्रणाली टोपी घालून उत्तरं देत गेली. चाकं शाळेच्या मोडक्या फळ्याच्या गाड्याची होती, एक करकरायचं, शेजारच्या काकू त्यात खोबरेल घालायच्या आणि मग डोक्याला उरत नाही म्हणून कुरकुरायच्या. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. आकडा आला पाच. तेच वीस प्रश्न संध्याकाळपर्यंत कथा पाठ करून आलेल्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याला विचारले. त्याचा आकडा आला एकोणऐंशी.

आसावरीने मिरीकरांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि आपली कथा मागे घेतली. मग त्यांनी शंका काढली, की हे घडतंच असेल तर ही भविष्यकथा कशी म्हणायची. आसावरी म्हणाली की बाकीच्या अकरा जणांनी नव्वद वर्षांनंतरचं म्हणून जे रचलंय, त्यातलं निम्मं या मुलीच्या अंगणात आहे, आणि तेही अकरा जणांनी सौम्य करून लिहिलंय. ते मिरीकरांना पटलं. कथा घ्यायची ठरली.

"आणि तो परिचय फाडून टाक," ते म्हणाले. "नवा लिही, चांगला लिही. छापलेला नाही अजून. कोणाला कळणार?"

फोन मोठ्या आवाजावर होता.

"आमच्या वर्गाला कळलंय," प्रणाली म्हणाली.

प्रणालीने पिशवीतून तोच कागद काढला. चार घड्या पडलेला होता, कडेला चहाचा डाग होता. तिने तो टेबलावर सरळ केला.

"माझा परिचय मी लिहून देते," ती म्हणाली. "हा पण छापा. तुमच्या नावानं. सर तो वर्गात वाचतील, मग माझा वाचतील."

आसावरीच्या मनात आलं की नकार द्यावा. कारणं तिच्याकडे तयार होती. पानांची मर्यादा, प्रयोगशाळेचं नाव, इनामदारबाईंचं नाव. तिने बाईंकडे पाहिलं. त्या जाळीटोपीच्या तारा सोडवत होत्या.

"छापते," आसावरी म्हणाली.

"मग खाली आकडा लागेल," इनामदारबाई म्हणाल्या. "पुस्तकातल्या प्रत्येक मजकुराखाली आकडा आहे ना?"

त्यांनी टोपी पुढे केली. आसावरी लेखकांच्या खुर्चीत बसली. जाळी कपाळाला गार लागली. नाडीचा पट्टा तिला एका हाताने बांधता येईना, तो प्रणालीने बांधला. मग प्रणाली यंत्रापाशी गेली आणि तिने बटण दाबायचं का असं विचारलं. बाईंनी होकार दिला.

आसावरीने कागद उचलला. पहिलं वाक्य वाचताना तिला वाचनालय दिसलं. खिडकीजवळचं लांब टेबल, त्यावर वाकलेली एक मुलगी, पुढ्यात जाड पुस्तक. त्या मुलीच्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या. तिला चेहरा नव्हता. प्रणालीच्या कॉलेजला वाचनालय आहे की नाही, हे आसावरीला ठाऊक नव्हतं. तिचा आवाज दुसऱ्या वाक्यावर अडखळला, तिने ते पुन्हा पहिल्या शब्दापासून घेतलं. पाचवं वाक्य संपलं तेव्हा तिने कागद खाली ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. प्रणालीने ती फाडून इनामदारबाईंकडे दिली. बाईंनी ती वाचून नोंदवहीत उतरवली.

लेखिका आसावरी खांबेटे. वाक्यं पाच. वेळ एक्केचाळीस सेकंद. कल्पनांक चौऱ्याण्णव.