एका किल्लीचं घर

आमच्या वस्तीत माणसं राहत नाहीत, नुसती झोपतात, असं मी चेष्टेने म्हणायची. त्यावर आमचे हे म्हणायचे, "आणि जी दिवसा झोपतात, त्यांना माणसात धरतेस की नाही?" ह्यांची कायमची रात्रपाळी होती, पावाच्या कारखान्यात, भट्टीपुढे. मी शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायची. मी झुंजुमुंजू असताना बाहेर पडायची, तेव्हा हे घरी येत असायचे.

वस्ती आणि बसथांबा यांच्या मधून मोठा रस्ता जातो आणि त्यावर पायी जायचा लोखंडी पूल आहे. सकाळी त्या पुलावर दोन ओळी लागतात, एक जाणाऱ्यांची, एक येणाऱ्यांची. मध्ये कठडा नाही, पण कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि डोळ्यांवर झोप, कुणाची संपलेली, कुणाची व्हायची. बोलणं जवळजवळ नसतंच. चपला-बुटांचा आवाज मात्र सारखा चालू असतो.

घर घेतलं तेव्हा कुलुपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक पहिल्याच वर्षी कुठेतरी पडली. दुसरी करून घेऊ, करून घेऊ म्हणत राहिलो, आणि तोवर मी पुलावर ह्यांच्या हातात किल्ली द्यायला लागले होते. मी हात जरा पुढे करायचा, ह्यांनी जाता जाता घ्यायची. थांबायची सोय नव्हती, मागची माणसं ढकलतात. "दूध तापवलंय." "बरं." संध्याकाळी मी परतायच्या आत हे किल्ली चौकटीवर ठेवून पाळीवर गेलेले असायचे, म्हणून आठवडाभराचा संसार तेवढाच. मग दोघांच्याही ध्यानात आलं, की दुसरी किल्ली केली तर ही भेटही व्हायची नाही. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

अशीच वर्षं गेली. मुलगी शिकली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली. आणि एका सकाळी हे पुलावर आलेच नाहीत. मी वाट बघितली, चिडले, किल्ली पर्समध्ये टाकून कामावर गेले. हे कारखान्याच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते. रात्रपाळीचा माणूस, सगळ्यांना वाटलं, डोळा लागलाय. उतरणारा प्रत्येक जण हळू पाय टाकत गेला म्हणे, उगाच झोपमोड नको म्हणून. शेवटी आगारात ड्रायव्हरने खांदा हलवला.

पुढचं सांगते, त्याला मधे काही महिने गेले होते. धुकं होतं. रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे सकाळी पुलावर मी चालत होते म्हणजे पाय चालत होते. हात कधी पुढे गेला ते मला कळलं नाही. हातातून किल्ली घेतली गेली, तेव्हा कळलं.

चोर म्हणून ओरडणार होते, पण ओरडले नाही. कारण तो हात मला ओळखीचा होता. ऊबदार हात, बोटांच्या पेरांवर भाजल्याचे जुने वण. आणि माझ्या नाकाशी ताज्या पावाचा वास रेंगाळला होता. मी वळून पाहिलं. येणाऱ्यांच्या ओळीत नुसत्या पाठी होत्या.

ओळ मोडून, लोकांच्या शिव्या खात, मी घराकडे पळाले. आमची इमारत कामाच्या दिवशी कशी असते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळ्या मजल्यांवर कुलपं. चिटपाखरू नाही. कुणाचा तरी नळ ठिबकत होता. बंद दारामागे एक फोन वाजला, वाजून वाजून थांबला. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला.

आमच्या दाराला कुलूप नव्हतं. दाराला आतून कडी होती.

मी दाराला कान लावला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. रविवारी दुपारी ऐकून ऐकून मला पाठ झालेलं घोरणं, शेवटी बारीक शिट्टी वाजणारं. मी कितीदा थट्टा केली असेल त्या शिट्टीची! मी दार वाजवलं, बडवलं, "अहो... अहो, मी आहे..." म्हणाले. पण हे दिवसा झोपताना कानात कापूस घालायचे. घोरणं एकदाही थांबलं नाही.

दिवसभर मी पायरीवर बसून राहिले. पळून जावंसं वाटत होतं आणि पायरीवरून उठवतही नव्हतं. संध्याकाळी, माझ्या रोजच्या परतायच्या वेळेला, आतली कडी निघाली. मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. किल्ली खिळ्याला लटकत होती. चादर चुरगळलेली होती, तिच्यावर पिठाचे बारीक पांढरे डाग होते, आणि एका माणसाच्या आकाराएवढी जागा गरम होती.

भीती वाटली का, म्हणाल, तर वाटली. पण मग मी त्या गरम जागेवर आडवी झाले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी मी जाणूनबुजून हात पुढे केला.

त्यानंतर रोज तेच. लोक देवापुढे बसतात, तशी मी त्या पुलावरून जायची. हे बोलत नसत. मान वर करत नसत. मीच आपली काहीबाही सांगायची, दुकानाचा नवीन मालक खडूस आहे, गॅस संपत आलाय. संध्याकाळी घरी आले की चादर झटकायची. ते पीठ झटकताना जीव तुटायचा, पण एकटी असल्यासारखं वाटायचं नाही.

मुलगी फोनवर मागे लागली होती. "आई, तिथे आता कोण आहे तुझं? घर विकून टाक आणि इकडे ये." मी टाळायची. तिला काय सांगणार? मी घर विकलं, तर रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस सकाळी जाऊन कुठे पाठ टेकणार? माझ्या जिवाला तो एकच घोर होता.

पण हे थकत चालले होते. ते मला हातावरून कळायचं. किल्ली घेताना बोटं मिटायला वेळ लागायचा. खांदे पडलेले, पाय फरफटलेले. मागच्या माणसांचे धक्के लागले की हे तोल सावरायचे. दिवसभर झोपत होते, तरी ती झोप अंगी लागत नव्हती. एकदा जवळून गेले तेव्हा ह्यांचा श्वास ऐकू आला, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा. हे म्हातारे कधी झालेच नव्हते हो.

शेवटी मी मन घट्ट केलं. मुलीला हो म्हटलं, घराला गिऱ्हाईकही मिळालं. आता ह्यांना सांगायला हवं होतं. त्या सकाळी मी किल्ली दिली नाही. ह्यांचा हात आला, तो मी धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुलाच्या मधोमध थांबले.

"अहो..."

मागून धक्के बसत होते. कुणीतरी करवादलं.

"मी घर विकतेय. मुलीकडे जातेय राहायला. तुम्ही आता... दुसरीकडे कुठेतरी स्वस्थ झोपा."

ह्यांनी मान वर केली. धुक्यात चेहरा नीट दिसला नाही. कानाजवळच्या केसांत पीठ होतं, तेवढं दिसलं.

"झोपलोच होतो गं," हे अगदी हळू म्हणाले. "बसमध्ये... इतकी छान झोप लागली होती."

"मग?"

"मग तू हात पुढे केलास."

"मी... मी किल्ली द्यायला..."

"हो ना. तू हात पुढे केलास की यावं लागतं..."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोसलं असतं. मी समजत होते, मी ह्यांना घर देतेय. मी रोज सकाळी ह्यांची झोप मोडत होते.

मी हात सोडला. किल्ली मुठीत घट्ट आवळली आणि मूठ पदराखाली घेतली. हे क्षणभर उभे राहिले, मग मान डोलावून ओळीबरोबर पुढे गेले. मी बसमध्ये खिडकीशी बसून शहर येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईने विचारलंही नाही. त्या बसमध्ये कुणी कुणाला विचारत नाही.

संध्याकाळी चादर सकाळी घातली तशीच होती, एकही सुरकुती नसलेली. तशी चादर बघायला काळीज दगडाचं लागतं.

मग आवराआवर. भांडी दिली, अंथरुणं-पांघरुणं दिली, उरलेलं मुलीकडे पोचवून आले. घराचा ताबा द्यायला म्हणून रात्रीच्या बसने परत निघाले आणि पहाटे थांब्यावर उतरून पूल चढले. पुलाच्या मध्यावर आले तेव्हा जाणवलं, आज मी येणाऱ्यांच्या ओळीत आहे. इतक्या वर्षांत सकाळी या बाजूने मी कधी चालले नव्हते.

समोरून जाणाऱ्यांची ओळ येत होती. त्यातली एक बाई, माझ्या मुलीच्या वयाची असेल, खाली मान घालून चालत होती. जवळून जाताना तिने हात पुढे केला आणि माझ्या तळहातात काहीतरी ठेवलं.

"आज उशीर होईल हं मला," ती पुटपुटली आणि गेली.

किल्ली होती. तिच्या मुठीने गरम झालेली. मी "अगं बाई... ए मुली..." म्हणेपर्यंत गर्दीने तिला नेलं होतं. आणि मला झोप आली. बसमध्ये चांगली झोपले होते मी, तरी अशी झोप आली, की पूल उतरताना डोळे उघडे ठेवणं अवघड झालं. रिकाम्या घरी कशीबशी पोचले, भिंतीला टेकून फरशीवर बसले. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती दाराची घंटा वाजली तेव्हा. संध्याकाळ झाली होती. घर घेणारे गृहस्थ आले होते. पर्समध्ये माझी किल्ली होती, ती त्यांना दिली. सकाळची दुसरी किल्ली मात्र पर्समध्ये नव्हती, खोलीत कुठेच नव्हती.

"गाढ झोपला होतात वाटतं, काकू," ते हसून म्हणाले. "गालावर वळ उठलेत. वेलबुट्टी उमटलीय चांगली."

मी गालाला हात लावला. बोटांना पानं लागली, फुलं लागली. कुणीतरी हौसेने भरतकाम केलेल्या उशीवर दिवसभर डोकं ठेवावं, तशी. खोलीत फरशीशिवाय काही नव्हतं.

आता मुलीकडे असते मी. मुलगी, जावई सकाळी कामावर जातात, दिवसभर घरात मी एकटी. त्यांनी विचारलं तर सांगते, पेपर वाचला, जरा पडले. खरं म्हणजे ते गेले की मला पुलावरची तीच झोप येते, आणि दिवसभरातलं काहीच आठवत नाही. संध्याकाळी मुलगी येते, चपला काढायच्या आधी माझ्या गालावरच्या वेलबुट्टीकडे बघते, आणि आत चहा टाकायला जाते.