पेन्सिलीने भरलेला फॉर्म

पेन्शनच्या सल्लागाराच्या दारात आम्ही दोघं एकदमच पोचलो. माझी वेळ अकराची, त्यांचीही अकराचीच. मी थांबले, ते थांबले, मग दोघंही एकदमच आत शिरलो आणि खांद्याला खांदा लागला.

"आधी तुम्ही," ते म्हणाले. शर्टाला छपाईच्या शाईचा वास होता.

बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या. तीस तारखेला निवृत्त होणार होते. पेन्शनचा फॉर्म एकदा सही करून दिला की पर्याय बदलता येत नाही, एवढंच मला कळलं होतं, आणि तेवढ्यानेच झोप उडाली होती.

सल्लागार म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने दोन खुर्च्या शेजारी शेजारी सरकवल्या. "बसा काका, बसा काकू. दोघांचा आरोग्य विमा एकत्र घेतलात तर हप्ता कमी बसेल."

मी तोंड उघडलं. त्यांच्याकडे पाहिलं. ते कॅलेंडर वाचत होते, पण मिशी हलत होती…

"काकू, काकांना शुगर आहे का?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"असंच आहे यांचं," ते म्हणाले. "माझ्याकडे लक्षच नाही."

मला घाम फुटला, आणि हसूही. मग पेन्शनची पाळी आली. एक तर पूर्ण, पण आपल्यापुरती. नाहीतर थोडी कमी, पण आपल्यामागे जोडीदाराला चालू राहणारी.

"काकू, तुमच्यानंतर काकांना मिळायला हवी ना?"

"यांच्यानंतर?" उत्तर त्यांनीच दिलं. "यांच्यानंतर मी कशाला मागे थांबतोय?"

थट्टाच ती. पण माझ्या मांडीवरची फाईल घसरली.

त्या मुलीची एक रीत होती. फॉर्म घरी न्यायचा, पेन्सिलीने भरायचा, आठ दिवस रोज वाचायचा. पेन लावायचं ते तिच्यासमोर. "जोडीदाराचं नाव मात्र निवृत्तीच्या आधी नोंदवायला हवं," ती म्हणाली. "नंतर कुणाच्याच हातात काही नाही. आणि उद्या दोघांनी विम्याच्या तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त देऊन या."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "खरं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

"मी तुम्ही सांगाल म्हणून."

"झालं तर मग. संसार असाच चालतो."

ते छापखान्यात मशीनवर होते, त्यांचीही निवृत्ती तीसचीच. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. माझं लग्न भावंडांचं करता करता राहून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी रक्त देताना एवढा धिप्पाड माणूस सुई बघून पांढराफटक पडला.

"तिकडे नका बघू," मी म्हणाले.

"मग कुठे बघू?"

"बघा कुठेही."

ते माझ्याकडे बघत राहिले… सुई कधी टोचली ते त्यांना कळलंच नाही.

मग रोज संध्याकाळी ते धुलाईघराच्या दाराशी येऊ लागले. मोठी चादर एकट्याने नीट घडी होत नाही, दोन माणसं लागतात. एकदा त्यांनी न विचारता पलीकडची दोन टोकं धरली. ताणली, झटकली, पुढे आले. टोकं माझ्या हातात देताना बोटं लागली, आणि लगेच सुटली नाहीत. चादर अजून गरम होती.

"अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"एवढ्याच?"

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या दोन खुर्च्यांवर बसलो. मुलीने आधी माझा फॉर्म घेतला. "काकू, 'एकटी' या चौकटीत खूण? आणि किती वेळा खोडलंय हे? कागद फाटायला आलाय."

"आम्ही नवराबायको नाही गं," मी सांगून टाकलं.

तिने पटकन त्यांचा फॉर्म उघडून पाहिला. मग तो माझ्यापुढे सरकवला. जोडीदाराच्या रकान्यात माझं नाव होतं, छापल्यासारख्या सरळ अक्षरांत. लग्नाच्या तारखेची जागा रिकामी.

ते उठून उभे राहिले. खिशातून रबर काढून टेबलावर ठेवला. "पेन्सिलीनेच लिहिलंय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर आत्ता खोडतो." सुईला घाबरले होते, त्याहून जास्त घाबरले होते.

मी रबर उचलला. त्यांनी मान खाली घातली.

माझा फॉर्म जवळ ओढला आणि 'एकटी'वरची खूण खोडून टाकली. या वेळी अगदी स्वच्छ.

"लग्नाची तारीख तीसच्या आधीची लागेल ना गं?"

"हो काकू…"

"मग अठ्ठावीस."

"घाई नाही ना होत तुम्हाला?" ते हळूच म्हणाले.

"साठ वर्षं थांबलेय. याला घाई म्हणतात?"

मुलगी पेन शोधायला लागली. रबर मी माझ्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली.