पुढची शून्यं

बहात्तरचा मे. नागापूरच्या माळावर पंपाच्या कारखान्याचे पत्रे उन्हानं कडकड वाजत.

कृपादानच्या बायकोनं, मरियानं, वडलांना परस्पर सांगून टाकलं : जावई शनिवारी नोकरीत कायम होणार. त्यांनी त्या दिवसाच्या जेवणाला कोंबडी राखून ठेवली.

कोपरगावला एक्केचाळीस पंप जायचे होते.

डावीकडच्या शून्याला किंमत नसते.

कृपादान हंगामी कामगार. पंपाच्या बिडाच्या केसिंगवर, बाहेरच्या कवचावर, पोलादी ठसा धरायचा, हातोडा घालायचा, आकडा उठवायचा. आजवर नुसतं एक, दोन, तीन चालायचं. या खेपेला मालक आप्पासाहेब म्हणाले, "सगळे नंबर चार आकडी. एकच्या पुढे, डावीकडे, तीन शून्यं, दहाच्या पुढे दोन. गोदामवाले पहिला आकडा बघून लावतात, दहा नंबर दोनच्या आधी जाऊन बसतो. शनिवारी रांग बघतो. मग तुझं बघू."

बुधवारी रांग पुरी झाली. गुरुवारी सकाळी शेवटचा पंप, 0041, रांगेच्या तोंडाशी उभा होता. त्यावर आता नंबर होता 00041.

"गोरक्ष, हा पुढं कुणी आणला?"

"मला काय खाज हाय? दोघांबिगर हालत न्हाई त्यो," जोडीदार गोरक्ष म्हणाला. "आन् शून्य तूच ठोकलं असशील. सासऱ्याच्या कोंबडीच्या सपनात हुतास."

दोघांनी कण्हत पंप मागे नेला. कृपादाननं जादा शून्य कानशीनं घासून काढलं.

शुक्रवारी तोच पुन्हा पहिला. 000041. कानस फिरवलेली जागा बोटाला लागेना. बीड जसं ओतलं तसं खरखरीत.

शनिवारी शून्यांनी केसिंगला वळसा घातला होता. बाकीचं लोखंड तापलेलं. शून्यं गार.

बाहेर आप्पासाहेबांची जीप थांबली.

घासायला वेळ नव्हता. दोघं वाकले.

पंप गोरक्षच्या एका हातात वर आला. रिकाम्या पाटीसारखा.

"कृपा, ह्यात..."

"गप. शेवटाला ठेव. नंबर भिंतीकडं कर."

आप्पासाहेब रांगेवरून सावकाश चालत आले. शेवटच्या पंपावर तळहात टेकला. जरा वेळ तसाच ठेवला.

"हा कितवा?"

गोरक्षनं कृपादानकडं पाहिलं.

"एक्केचाळीस, साहेब," कृपादान म्हणाला.

आप्पासाहेबांनी हात धोतराला पुसला. "भरा ट्रकात. सोमवारपासून तू कायम."

फौंड्रीतून त्या खेपेला चाळीसच केसिंग आली होती.