शेजारी कोणी झोपतं का?

"ताई, तू झोपली होतीस? खरं सांग, झोपली होतीस ना?"

धाकट्या भावाच्या त्या प्रश्नाने स्वयंपाकघरातला धूर जणू अधिकच कोंदला. गॅसवरचं दुधाचं पातेलं जळून काळंठिक्कर पडलं होतं, खिडकीचा अर्धा पडदा करपून ओट्यावर लोंबत होता आणि दाराशी भावजय आपल्या तीन वर्षांच्या चिमीला छातीशी घट्ट धरून उभी होती. पोर सुखरूप होती... पण तिच्या खोकल्याची एकेक उबळ ताईचं काळीज चिरत जात होती!

"डोळा लागला रे... नुसती भिंतीला टेकले होते..."

"सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार वाजता? रात्रभर ढाराढूर झोपतेस, तरी दिवसा डोळा लागतो? कसला गं एवढा आळस! आजपासून चिमीला तुझ्यावर सोडायचं नाही, सांगून ठेवतो!"

आईवडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि हा नऊ वर्षांचा. गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसून तिने त्याला शिकवलं, चालून आलेली दोन स्थळं 'भाऊ लहान आहे' म्हणून परतवली आणि त्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या एका शब्दावर मोठी खोली सोडून मागच्या सामानाच्या खोलीत आपली खाट टाकली. या कशाचंच तिला कधी ओझं वाटलं नव्हतं. पण 'आळस' हा शब्द... तो तर तिला खराच वाटत होता! रोज सकाळी ठणकणारं डोकं, कोरडा पडलेला घसा, शिसं ओतल्यासारखे हातपाय, आणि कितीही झोपलं तरी न सरणारी झोप... आपल्यातच काहीतरी नासकं आहे, अशी तिची मनोमन खात्री झाली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने बॅग भरली. "कारखान्यातल्या बायकांबरोबर राहीन म्हणते. पोरीच्या जिवाशी खेळ नको," एवढंच म्हणाली. भावाने मान वळवली. त्याने अडवलं नाही.

चौथ्या दिवशी मशीन चालू असतानाच तिची मान कलली आणि सुई बोटातून आरपार गेली! कारखान्याच्या सुपरवायझर बाईंनी तिला तशीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोटाला पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी त्या येऊन पाहतात तो ताई बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपलेली... आणि तिची छाती हलत नव्हती! डॉक्टरीणबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. मग एक घुसमटलेला आचका, आणि पुन्हा श्वास.

"घोरता का हो तुम्ही?" तिला जागं करून त्यांनी विचारलं.

"कोणास ठाऊक..."

"रात्री शेजारी कोणी झोपतं का? पाहिलंय कोणी?"

ताई कसनुसं हसली. "नाही हो. माझ्या शेजारी कोणीच झोपत नाही. आळसच आहे हो माझा, दुसरं काही नाही."

"हा आळस नाही, बाई. झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडतो. स्लीप ॲप्निया म्हणतात याला. शरीर रात्रभर जिवाच्या आकांताने जागं होत राहतं, मग दिवसा झोप येणार नाही तर काय? रक्तदाबही वाढलाय तुमचा. तपासणी परवा करू. तोवर रात्री घरच्या कोणाला तरी बघायला सांगा आणि मला कळवा."

ताईने नाही नाही म्हटलं, तरी सुपरवायझर बाईंनी घरी फोन केलाच. भावजय आली ती कपाळाला आठ्या घालून. पण ताईला घरी घेऊन गेली आणि रात्री तिच्या खाटेशेजारी घड्याळ घेऊन बसली.

ताईचं घोरणं सुरू झालं... आणि एकाएकी थांबलं. भावजय मोजू लागली. दहा... पंधरा... पंचवीस... तीस... पस्तीस...

"ताई! अहो ताई!"

"कुशीवर वळव तिला!" दारातून भावाचा घोगरा आवाज आला. "आधी कुशीवर वळव!"

दोघांनी मिळून तिला वळवलं. आचका देऊन श्वास परतला. भावजयीने सावकाश मान वर केली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "लहानपणी मी तिच्याजवळच झोपायचो. आवाज थांबला की भीती वाटायची... ताई मेली वाटायचं! मग चिमटा काढायचो, ती कुशीवर वळली की श्वास पुन्हा सुरू व्हायचा. मोठा झाल्यावर वाटलं, घोरणंच तर आहे. आपलं लग्न ठरलं तेव्हा... तू हसशील म्हणून मीच तिला मागच्या खोलीत पाठवलं. वर दार लावून घ्यायला सांगितलं."

भिंतीकडे तोंड केलेली ताई जागी होती. तिने सगळं ऐकलं. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, पण ती वळली नाही.

तपासणीत कळलं, तासाभरात एक्केचाळीस वेळा तिचा श्वास अडत होता. घरी श्वासाचं मशीन आलं. नाकावर मास्क लावायचा, त्यातून येणारी हवा घसा उघडा ठेवायची. पहिल्या दोन रात्री गुदमरून तिने तो ओढून काढला. दोन्ही वेळा भावजयीने उठून पट्टे सैल केले, "अजून एकदा बघू या, ताई," म्हणत पुन्हा लावला.

नवव्या सकाळी ताई जागी झाली आणि तशीच पडून राहिली. डोकं दुखत नव्हतं! अंगात कसलासा हलकेपणा होता. चाळिशीतल्या त्या बाईला आठवेना, असं शेवटचं कधी वाटलं होतं.

भाऊ आत आला आणि खाटेपाशी कोसळलाच. "ताई, मला क्षमा कर..."

'वेडा रे, त्यात काय एवढं' हे शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले... आणि तिथेच थांबले.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही. इतकी वर्षं मी स्वतःला नासकी समजत आले, आणि तू बघितलं होतंस! रागवायचं तर त्यालाही त्राण लागतं रे, ते माझ्या अंगात आज आलंय. आज मला पोटभर रागवू दे!"

"रागव, ताई. मी ऐकतो."

भावजयीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि हलकेच बाहेर गेली. ताई बोलत राहिली, कधी ओरडून, कधी हुंदके देत... आणि तो खाली मान घालून सारं ऐकत राहिला, जागचा हलला नाही. शेवटी तिचा आवाज बसला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपला हात त्याच्या डोक्यावर आहे... तो कधी गेला, तिचं तिलाच कळलं नव्हतं!