उलट्या वाराचा गोसावी

भिवाजीला बाजेवर घालून आणलं तेव्हा अंजना ओसरीवर बसून कैऱ्या चिरत होती. त्याचा उजवा हात कोपराच्या खाली लुळा लोंबत होता आणि कातडीखालून हाडाचं टोक वर आलं होतं. भागिरथाआत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि अंजनाला खुणेनं जवळ बोलावलं.

"खांदा घट्ट धर. तो हालन, तू हालू नको."

आत्यानं मनगट धरून हात ओढला. आतून कट्‌ असा आवाज आला, भिवाजीनं एक आरोळी ठोकली आणि त्याची शुद्ध हरपली. आत्यानं मात्र शांतपणे बांबूच्या कामट्या लावून फडकं गुंडाळलं.

अंजनाचे वडील वाशीमच्या कोर्टात कारकून होते. ती दर मे महिन्यात आत्याकडे वाघूळखेडला येई. मंगरूळपीरपासून दोन कोसांवरचं हे गाव. आत्या हाडं बसवायची. एरवी बौद्धांच्या वस्तीकडे न फिरकणारी माणसंही हाड मोडलं की तिच्याच ओसरीवर येत. पण पंचाहत्तर सालच्या त्या सुटीत जरा जास्तच येऊ लागली होती. दहा दिवसांत मोडलेला हा चौथा हात.

गावात दोन आखाडे होते. लाल फेट्यांचा आखाडा माणिकराव वस्तादांचा, पिवळ्या फेट्यांचा गोविंदसिंग वस्तादांचा. दोघेही एकाच गुरूचे, भुजंगबुवांचे चेले. बुवा गेल्यावर गादी कुणाची यावरून दोघे भांडले आणि गेली पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या कोरड्या पात्रात दोन्ही आखाड्यांची काठी चाले. ती खेळाची काठी असे, थोडंफार खरचटून भागे. यंदा मात्र दोन्हीकडच्या काठ्यांना लोखंडी वेढणी बसली होती. भर दुपारी, वाट निर्मनुष्य असताना, तोंड बांधलेला कुणीतरी एकट्या गड्याला गाठत होता. लाल आखाड्याचे गडी सांगत की त्याचा फेटा पिवळा होता. पिवळ्यांचे गडी सांगत की लाल होता.

अंजनानं चारही हात जवळून पाहिले होते. त्या संध्याकाळी तिनं आत्याच्या परसात आपल्या दोन मित्रांना गाठलं. विजयमाला ही गोविंदसिंगांची नात आणि इंद्रभान हा माणिकरावांचा मुलगा. एकमेकांशी बोलायची त्यांना घरून सक्त मनाई होती. पण आत्याच्या परसात कोण येतं-जातं हे दोन्ही घरं विचारत नसत.

"चारही हाडं खालून मोडलीत," अंजना म्हणाली. "काठी उगारली की हाताची खालची बाजू उघडी पडते, तिथंच मार बसलाय. अन् प्रत्येकाच्या हातावर चंद्रकोरीसारखा वळ आहे. तुमच्या आखाड्यात खालून मारायला शिकवतात?"

विजयमालानं मान हलवली. आजोबांनी तिला परड्यात काठी शिकवली होती, पण खालून वार करायला दोन्ही आखाड्यांत बंदी होती. त्याला उलटा वार म्हणत.

मग आत्यानंच ती जुनी गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी बुवांचा एक चेला होता, बबन नावाचा. डावखुरा आणि विजेसारखा चपळ. खेळता खेळता त्यानं उलट्या वारानं नामदेव नावाच्या सोबत्याचा डोळा फोडला, आणि तो खाली पडल्यावरही मारत राहिला. माणिकराव आणि गोविंदसिंग तेव्हा ऐन तारुण्यात होते. दोघांनी गुरूपुढे साक्ष दिली आणि बुवांनी बबनला सगळ्यांसमोर आखाड्यातून हाकललं. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

इंद्रभाननं मान वर करून टेकडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "टेकडीवरच्या गोसाव्याच्या कुबडीले वरून लोखंडाची कोर हाय."

भैरवगिरी गोसावी शिवरात्रीपासून टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात उतरला होता. जपाला बसताना बगलेखाली धरायची आखूड लाकडी कुबडी त्याच्याजवळ असे. दोन्ही वस्ताद त्याच्या पाया पडत आणि दोघांनाही तो सांगे, की अपमान गिळू नका.

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, गोसावी विहिरीवर आंघोळीला उतरलेला पाहून तिघं देवळात शिरले. धुनीमागे त्याची झोळी होती. अंजनानं ती उपडी केली. खाली दोन फेटे पडले, एक लाल आणि एक पिवळा.

"ठेव ते."

दारात गोसावी उभा होता. ओल्या जटांतून पाणी गळत होतं आणि डाव्या हातात कुबडी होती.

इंद्रभान त्याच्या अंगावर धावला. गोसाव्यानं त्याला लाथेनं असा उडवला, की त्याचं डोकं नंदीवर आपटलं आणि कपाळातून रक्ताची धार लागली. विजयमालानं कोपऱ्यातली काठी उचलली. पहिला वार तिनं अडवला, दुसराही अडवला. तिसऱ्याला तिची काठी वर गेली आणि कुबडी खालून आली. हाड मोडल्याचा तो ओळखीचा आवाज अंजनानं ऐकला.

विजयमाला कोसळली. गोसाव्यानं पुन्हा कुबडी उचलली. अंजनानं धुनीत दोन्ही हात खुपसले आणि गरम राख, निखाऱ्यांसकट, त्याच्या तोंडावर फेकली. तो डोळे धरून गुडघ्यावर बसला. अंजनानं विजयमालाला उठवलं, इंद्रभाननं फेटे उचलले, आणि तिघं टेकडी उतरून पळत सुटले. अंजनाच्या तळहातांची कातडी सोलवटली होती. ते तिला नदीवर पोचेपर्यंत कळलंही नाही.

नदीत खेळ कधीच सुरू झाला होता, आणि तो खेळ उरला नव्हता. वाळूत जागोजागी गडी पडले होते, दोघं-तिघं तर निपचित. एकाच्या कानातून रक्त येत होतं. लोखंडी वेढणीच्या काठ्या डोक्यांवर, खांद्यांवर पडत होत्या, आणि मधोमध दोन्ही वस्ताद एकमेकांना खाली पाडायला टपले होते. माणिकरावांचा ओठ फाटला होता. इंद्रभान ओरडला, पण कुणालाच ऐकू गेलं नाही.

अंजनानं विजयमालाला पुढे घेतलं आणि दोघी सरळ त्या काठ्यांमध्ये शिरल्या. एक काठी अंजनाच्या पाठीवर बसली. ती पडली नाही. गोविंदसिंगांना नातीचा लोंबणारा हात दिसला आणि त्यांची काठी हवेतच थांबली.

"आजोबा," विजयमाला कण्हत म्हणाली, "मले गोसाव्यानं मारलं. त्यानंच समद्यायले मारलं."

हळूहळू काठ्या खाली आल्या. इंद्रभाननं फेटे दाखवले, अंजनानं वळांची हकिकत सांगितली. तोवर गोसावीही येऊन पोचला होता. चेहरा भाजला होता, तरी आवाज गोड होता. पोरांनी देवळात चोरी केली, तो म्हणाला. फेटे भक्तांनी वाहिलेले होते, आणि मुलगी पळताना खडकावर पडली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी त्याच्या पायाला हातही लावला. तीन पोरांपेक्षा गोसाव्याचा शब्द मोठा ठरणार, हे अंजनाला दिसत होतं.

तिला काल संध्याकाळी आत्यानं सांगितलेली गोष्ट आठवली आणि तिनं ती मुद्दाम उलटी केली.

"माझंच चुकलं असेल कदाचित," ती मोठ्यानं म्हणाली. "मला वाटलं हे महाराज म्हणजे बबन आहेत. पण आत्या सांगते, बबनला काठी येतच नव्हती. नामदेवचा डोळा त्याच्या स्वतःच्याच काठीनं फुटला. बबन तर रक्त पाहूनच भ्याला अन् रडत रडत पळाला."

गोसाव्याचा चेहरा आक्रसला.

"कोन पळालं?" तो गरजला. "म्या फोडला त्याचा डोळा. या दोघायनं चुगली केली म्हनून बुवानं हाकललं, नाही तं ही गादी माही होती."

त्याच्या पायाला हात लावणारा माणूस झटकन दूर झाला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्याही ध्यानात आलं. त्यानं कुबडीचा दांडा ओढला, तसं आतून हातभर लांब पातं बाहेर आलं.

त्यानं पहिला वार गोविंदसिंगांवर केला आणि त्यांची मांडी चिरली. एका गड्याच्या पोटाला निसटतं पातं लागलं. लोक मागे सरले. मग माणिकराव पुढे झाले आणि रक्ताळलेले गोविंदसिंग लंगडत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकानं वरून काठी घातली. बबननं ती चुकवून खालून पातं फिरवलं, तेव्हा दुसऱ्याची काठी तिथं आडवी आली होती. पातं लोखंडी वेढणीवर आपटून तुटलं. तरी तो थांबला नाही. डोक्यानं, दातांनी, गुडघ्यांनी झुंजला. शेवटी माणिकरावांची काठी त्याच्या डाव्या हातावर बसली, हाड मोडलं आणि तो वाळूत उताणा पडला.

आत्या फडकी आणि कामट्या घेऊन आली होती. सगळ्यात आधी तिनं विजयमालाचा हात बांधला. मग ती बबनजवळ बसली.

"खांदा धर, अंजने."

"मी नाही धरणार. यानं विजूचा हात मोडला."

"मी एकटीनं ओढला तं वाकडा बसन. बाकी तुही मर्जी."

अंजना उभीच राहिली. तिला त्याच्या अंगाला हातसुद्धा लावावासा वाटत नव्हता. मागून विजयमालाचा थकलेला आवाज आला, "धर वो. वाकडा हात कायले ठेवतं?"

अंजनानं भाजलेल्या हातांनी खांदा धरला. आत्यानं ओढलं. बबन ओरडला नाही. तो अंजनाकडेच बघत होता.

"मी पळालो असं कोनं सांगतलं तुले?"

"कुणीच नाही. मीच बनवलं."

त्यानं डोळे मिटून घेतले आणि मग पोलिसांची जीप येईपर्यंत उघडले नाहीत.

जीप गेल्यावर माणिकराव तिघांपुढे येऊन उभे राहिले. फाटक्या ओठामुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, की आम्ही दोघं इतकी वर्षं काठ्या फिरवतो, पण समोरचा खोटारडा आम्हाला दिसला नाही. तो या लेकरांना दिसला. त्यांच्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या गोविंदसिंगांनी मान डोलावली. विजयमाला उद्यापासून परड्यात नव्हे, आखाड्यात काठी खेळेल, असं त्यांनी सांगितलं, आणि हात बरा होईपर्यंत तिनं गड्यांच्या चुका काढाव्यात, अशी पुस्तीही जोडली. लाल-पिवळे गडी दोन्ही बाजूंनी हसले.

"आमचे बाबा कवाच कोनाले चांगलं म्हनत नाही," कपाळाला पट्टी बांधलेला इंद्रभान अंजनाच्या कानात कुजबुजला. "बोलू दे त्यायले."

पण आत्यानं बोलू दिलं नाही.

"कवतिक मंग करजा, माणिकराव," ती वाळूत बसल्या बसल्या म्हणाली. "अजून नऊ जन पडले हायेत. पोरगी मले पायजे."

अंजनानं कामट्यांची जुडी उचलली आणि पुढच्या गड्याच्या उशाशी जाऊन बसली.